बिनखुणेची धोबीण

सांता ल्यूसियाच्या जत्रेत रेमेईबाईंचा गाळा माझ्या डाव्या हाताला. मी ओंडके विकतो. नोव्हेंबर सरायच्या आत आमच्या डोंगरातल्या गावाहून गाडी भरून आणायची, ओंडक्याच्या एका टोकाला दोन डोळे आणि हसरं तोंड रंगवायचं, लाल टोपी ठोकायची, की झाला नाताळचा ओंडका तयार. पोरं त्याला घरी नेऊन पंधरा दिवस संत्र्याच्या साली चारतात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी काठ्यांनी बडवतात, आणि मग तो घोंगडीखाली मिठाई हगतो. गावच्या शाळेत शिकलेल्यातलं एवढंच मला बार्सिलोनात उपयोगी पडलं: गोल काढणं.

पहिल्याच वर्षी रेमेईबाईंनी माझा माल खालून वरून पाहिला आणि विचारलं, "याला नाक का नाही?"

"ओंडक्याला नाक कशाला हवं, बाई?"

"खरंय. हगायला नाकाची गरज नसते," असं म्हणून त्या आपल्या कामाला लागल्या.

त्यांचं काम म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या मातीच्या मूर्ती. मेंढपाळ, बैल, गाढव, सूत कातणारी म्हातारी, गळ टाकून बसलेला कोळी. सगळा देखावा त्यांच्याकडे मिळतो, पण ओळखीचं गिऱ्हाईक येतं ते धोबिणीसाठी. बाईंच्या फरेस घराण्याची धोबीण गुडघ्यावर बसलेली असते. बाह्या वर सारलेल्या, पुढे पाट, बाजूला टोपली, आणि मान अशी वळलेली की कुणीतरी मागून हाक मारली असावी. देखाव्यात चंदेरी कागदाची नदी करतात, तिच्या काठी ही बसते. लोक मूर्ती उलटी करून तळाला कोरलेली एफ अक्षराची खूण बघतात आणि मगच घेतात.

गाळ्यावर एक पुठ्ठा टांगलेला असे: "जुनी फरेस धोबीण आणा, नवी घेऊन जा." त्याखाली बारीक अक्षरात: "फुटकी चालेल."

"बाई, हा कसला धंदा?" मी म्हणालो होतो. "फुटकी घेऊन अख्खी द्यायची? आमच्या गावात अशा माणसाला डॉक्टरकडे नेतात."

"तुमच्या गावात डॉक्टर आहे?"

"मंगळवारी येतो."

"मग मंगळवारी बोलू."

तीन वर्षं मी ही थट्टा चालवली. चौथ्या वर्षी त्यांचं मनगट मुरगळलं, म्हणून जत्रा लागायच्या आधी खोकी आणायला ग्रासियातल्या त्यांच्या घरी गेलो. खाली कामाची खोली, मागे भट्टी, वर दोन खोल्या. खोकी वर असतील असं वाटून मी जिना चढलो. मी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबलो.

भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी होती आणि फळीवर धोबिणीच धोबिणी. साठाच्या वर असतील. सगळ्या गुडघ्यावर, सगळ्यांची मान दाराकडे वळलेली, म्हणजे माझ्याकडे. प्रत्येकीच्या पायाशी वर्षाची चिठ्ठी. उजव्या टोकाला गेल्या वर्षीची. तिथून डावीकडे मागे मागे जावं तसा चेहरा बदलत होता. उजवीकडच्या सगळ्या रेमेईबाईंसारख्या, तेच सरळ नाक, तोच दाबलेला ओठ. मधल्या धड कुणासारख्याच नाहीत. डावीकडे जावं तसं त्या चेहऱ्यांतून कुणी दुसरंच वर येत होतं, पाण्याच्या तळातून यावं तसं, पण वरपर्यंत येत नव्हतं. अगदी डावीकडच्या चिठ्ठीवर १९६२ लिहिलेलं. त्या चिठ्ठीमागे मूर्ती नव्हती.

"खोकी खाली आहेत ती न्यायची, वरची नाही," बाई जिन्यावरून म्हणाल्या.

त्या दिवशी मी थट्टा केली नाही. मग खाली कामाच्या खोलीत त्यांनीच सांगितलं. सांगताना गाढवाचे कान चिकटवत होत्या, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

त्यांचं घर शहराबाहेर, तेर्रासा गावाला, कोरड्या ओढ्याच्या काठी. बाप आठवडाभर शहरात मूर्तिकाराकडे कामाला, याच खोलीत. रविवारी घरी. बासष्टच्या उन्हाळ्यात त्याने थोरल्या मुलीला, नेऊसला, अंगणात टबापुढे गुडघ्यावर बसवलं आणि तीन रविवार बसून धोबीण घडवली. नेऊस चौदाची, रेमेई नऊची.

"मी म्हटलं, मलाही करा. तर म्हणाले, तुझं नाक अजून ठरलेलं नाही." बाईंनी कान दाबून धरला. "नेऊस कुरकुरायची. गुडघे दुखतात म्हणायची. मी दारात उभी राहून तिला हाक मारायची, म्हणजे ती मान वळवेल आणि बाबा ओरडतील. शेवटी त्यांनी मान वळलेलीच ठेवली."

सप्टेंबरात ओढ्याला पूर आला. कोरडा ओढा, वर्षानुवर्षं पोरं त्यात चेंडू खेळायची. घर गेलं, फोटोंचा डबा गेला, नेऊस गेली. ती सापडलीच नाही. मागे उरली ती शहरात बापाच्या कामाच्या जागी राहिलेली मूळ मूर्ती आणि तिच्यावरून नुकताच काढलेला साचा.

मूर्तीच्या धंद्यात मूळ मूर्ती कधी गाळ्यावर मांडत नाहीत. साचा प्लास्टरचा असतो, प्रत्येक मूर्तीगणिक झिजतो. नाक बोथट होतं, पापण्या बुजतात. झिजला की मुळावरून नवा साचा काढायचा. म्हणून मुळाच्या तळाला खूण नसते, ती कागदात गुंडाळून वेगळ्या पेटीत ठेवतात. त्या डिसेंबरात बापाने पहिल्या धोबिणी जत्रेत आणल्या, आणि मूळही बरोबर आणलं. का, ते कुणी विचारलं नाही. तेव्हा तो मुळाला सोडून कुठेच जात नव्हता. सांता ल्यूसियाच्या दिवशी तो जत्रेसमोरच्या तिच्या चॅपेलच्या रांगेत उभा राहिला, कारण रडून रडून आईचे डोळे बिघडले होते आणि ही संत डोळ्यांची. गाळ्यावर नऊ वर्षांची रेमेई.

"एक बाई आली, धोबीण मागितली. गाळ्यावरच्या संपल्या होत्या. मी पेटी उघडली, दिली." त्यांनी दुसरा कान उचलला. "चुकीची पेटी."

"लहान होतात."

"गाळ्यावर बसलेलं मूल लहान नसतं."

पुढचं मला फळीनेच सांगितलं होतं. मूळ नाही, म्हणून तोच झिजत जाणारा साचा वापरायचा आणि प्रत्येक ओल्या मूर्तीचा चेहरा हाताने पुन्हा कोरायचा. आधी बाप कोरायचा, आठवणीने. आठवणीलाही झीज लागते, तसा तो धाकटीला समोर बसवायला लागला. इकडे बघ, हलू नकोस. बाप गेल्यावर बाईच आरशात बघून कोरायला लागल्या. "मला मूर्ती व्हायचं होतं ना," त्या म्हणाल्या. "झाले. साठ वर्षं तिला थोडी थोडी पुसून झाले."

म्हणून तो पुठ्ठा. कधीतरी कुणाच्या माळ्यावरची बिनखुणेची धोबीण या गाळ्यावर परत येईल, बाई तिचा चेहरा बघतील, नवा साचा काढतील.

ही झाली दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या वर्षी त्यात घाई शिरली.

मला ती उशिरा कळली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ बैल परत घेऊन आले. बैलाचा एक डोळा जागेवर, दुसरा गालावर.

"हा असा का बघतोय?" गृहस्थ म्हणाले.

"दारू प्यायलाय," बाई म्हणाल्या आणि बदलून दिला.

मी हसलो. मग दुसरा बैल आला. मग मी पाहायला लागलो. बाई बोलताना आता माणसाच्या कानाकडे बघायच्या. पैसे बोटांनी चाचपून द्यायच्या. एकदा मी टोपी काढून, एक शब्द न बोलता त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"हं, काय देऊ?" त्यांनी विचारलं.

"मी ग्वेराउ, बाई."

त्यांनी हातातली मूर्ती खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बाजूचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे सरळ बघावं तिथेच राखाडी डाग. तुझी टोपी असती तर टोपी दिसली असती. तोंड नाही. तोंड कुणाचंच नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डोळ्यात सुया टोचतात आणि बघू म्हणतात. तेच बघणार, मी कुठली." त्यांनी ब्रश पुसला. "कुणाला सांगू नकोस. आंधळीकडून मूर्ती कोण घेईल? तिरप्या नजरेनं बघितलं तर उजेडात अजून थोडं जमतं. या जत्रेपुरतं जमेल. पुढच्याचं माहीत नाही."

म्हणजे धोबीण यायची तर आत्ताच यायला हवी होती.

तेरा तारखेला, ल्यूसियाच्या दिवशी, सकाळपासून चॅपेलपुढे रांग लागली. हातात तबक आणि तबकात स्वतःचे दोन डोळे घेऊन उभी असलेली ही संत, तिच्याकडे शिंपिणी येतात, चष्मेवाले येतात, म्हातारे येतात. रेमेईबाई इतकी वर्षं समोर गाळा लावून कधी आत गेल्या नव्हत्या. म्हणायच्या, तिच्या अंगणात माझा जन्म गेला, आता ओळख काय द्यायची? त्या दिवशी त्यांनी ॲप्रन सोडला.

"जरा बघ गाळ्याकडे."

"रांगेत जाताय?"

"पाय मोकळे करायला."

"पाय त्या दिशेलाच मोकळे होतात वाटतं."

"नाक बसव आधी तुझ्या ओंडक्यांना," असं म्हणत त्या गेल्या. चर्चच्या भिंतीला हात लावून चालत होत्या.

दोन्ही गाळे माझ्याकडे. देखाव्याच्या कोपऱ्यात लपवतात त्या हगऱ्या बाहुलीच्या गाळ्यापुढे नेहमीसारखी फोटोवाल्यांची झुंबड, इकडे जरा शांत. अर्ध्या तासाने एक पन्नाशीचा माणूस आला, बुटांचं खोकं काखेत. अंगावर टॅक्सीवाल्याचं जाकीट.

"धोबिणीचा हात मोडलाय. बसवून मिळेल? नवी नको. हीच."

त्याने खोकं उघडलं. मी सवयीने मूर्ती उलटी केली. तळ कोरा होता.

मी पुन्हा पाहिलं. बोट फिरवलं. खूण नव्हती. मग मूर्ती सरळ केली, आणि खरं सांगतो, मागून कुणी हाक मारली असं वाटून मीच मान वळवली. मागे कुणी नव्हतं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. बाई येतीलच. थांबा."

"गाडी कोपऱ्यावर वाकडी लावलीय. ठेवून जातो, उद्या—"

"नका जाऊ." माझा आवाज जरा जास्तच चढला. "हे बघा, ओंडका घ्या. भेट. नातवंडं असतील?"

"मला तू म्हातारा समजतोस?"

"मग बायकोला द्या."

"बायको सोडून गेली."

"मग बडवायला घ्या."

तो हसला आणि थांबला. नाव सांगितलं, किर्झे बास्सोल्स. सांट्सला राहतो, आईबरोबर. आई ब्याण्णवची. हात तिच्याच हातून मोडला, देखावा मांडताना. "परवापासून जेवत नाहीये नीट. म्हणते, नेऊसचा हात मोडला."

"कुणाचा?"

"धोबिणीचा. आमच्याकडे तिला नेऊस म्हणतात. बाकी कुणाला नाव नाही. राजे नुसतेच राजे, बैल नुसता बैल."

"नेऊस का?" हा प्रश्न मी विचारला नव्हता. रेमेईबाई त्याच्या मागे उभ्या होत्या. कधी आल्या ते आम्हाला कळलंच नाही.

किर्झे वळला. "आई घेऊन आली ना, इथूनच. माझ्या जन्माच्याही आधी. गाळ्यावर म्हणे एक छोटी पोर होती. आईने धोबीण मागितली तर गाळ्यावरची द्यायच्या ऐवजी खाली वाकली, पेटीतून कागदात गुंडाळलेली काढली. म्हणाली, ही घेऊन जा, हिचं नाव नेऊस."

"गाळ्यावरच्या संपल्या होत्या," बाई म्हणाल्या.

"नाही, होत्या की. आई म्हणते रांगेनं मांडल्या होत्या. आई पैसे काढायला लागली तर पोर घेईना. म्हणाली, नको, फक्त लांब न्या. ही इथे असली की बाबा माझ्याकडे बघत नाहीत." त्याने खांदे उडवले. "आई दर नाताळाला सांगते. तिने पोरीच्या हातात भाजलेल्या चेस्टनटांची पुडी ठेवली म्हणे, आणि पोर रडायला लागली."

रेमेईबाईंनी टेबलाची कड धरली. मी स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत.

"तुझी आई चुकत असेल," त्या म्हणाल्या.

"असेल. वय झालंय."

रांगेतली माणसं पुढे सरकली. कुणाचं तरी मूल मेणबत्तीसाठी हट्ट करत होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "चेस्टनट होते. हात भाजला होता माझा." मग त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे."

मी धोबीण त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती उजेडाला धरली, मान इकडे कलवली, तिकडे कलवली, कोपऱ्यातून बघितलं, सरळ बघितलं. साठ वर्षांनी तो चेहरा त्यांच्यापासून वीतभर होता आणि डाग नेमका त्याच्यावर होता. किर्झे माझ्याकडे बघायला लागला. मी नुसती मान हलवली.

"दिसत नाही," बाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "टोपली दिसते. बाह्या दिसतात." मग अंगठा चेहऱ्यावर ठेवला आणि फार हळू फिरवला, कपाळ, डोळे, खाली. अंगठा नाकावर थांबला. "ग्वेराउ. सांग."

मला तोंड म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. मी काय सांगणार? पण सांगितलं.

"नाक जरा वर उचललेलं आहे. तुमच्यासारखं नाही."

"नाही ना?"

"अजिबात नाही. भुवया कपाळात गेल्यात. कंटाळलीय. गुडघे दुखत असणार. आणि..."

"आणि?"

"हसतेय, बाई. थोडंसंच. हाक मारणारा कोण आहे ते ठाऊक असल्यासारखी."

त्यांनी डोळे मिटले. मिटून घेतल्यावरही अंगठा तिथेच होता.

थोड्या वेळाने त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा डबा काढला. त्यात हात असतात. नुसते हात, नखाएवढे, साठ-सत्तर. डब्यात बोटं घालून त्यांनी चाचपलं, एक टाकला, दुसरा टाकला, तिसरा मनगटाला लावून पाहिला. बसला. गोंद लावून श्वास धरून उभ्या राहिल्या. त्यांना पाहता येत नव्हतं, तरी जोड कुठे दिसत नव्हता.

किर्झे टॅक्सीवाला असला तरी आंधळा नव्हता. तो म्हणाला, "बाई, हवी तर ठेवा तुम्ही. आईला सांगतो, फुटली."

मी मनात म्हटलं, घ्या. फळीवरची ती डावी जागा माझ्या डोळ्यांपुढे आली. घ्या, साचा काढा, संपवा एकदाचं.

"तुमच्या घरी तिला नावाने हाक मारतात?" बाईंनी विचारलं.

"आई तर रोज. देखावा मांडलेला असतो तोवर. गुड मॉर्निंग नेऊस, झोप लागली का नेऊस. मी वैतागतो."

"मी एकदाही मारली नाही. पुरानंतर एकदाही." त्यांनी मूर्ती कागदात गुंडाळली, खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि खोकं त्याच्याकडे सरकवलं. "कुठे ठेवता तिला?"

"नदीच्या काठी. धोबीण आहे म्हटल्यावर."

"यंदा पाण्यापासून लांब ठेवा. वर टेकडीवर, मेंढपाळांची शेकोटी असते तिथे."

"धोबीण, आणि शेकोटीपाशी? आई विचारेल, तिथे काय करतेय."

"सांग, धुऊन झालं."

तो खोकं काखेत मारून गेला. माझा ओंडकाही घेऊन गेला, तेवढं भान त्याला होतं. त्याच्या गाडीवर दंडाची चिठ्ठी लागली होती की नाही मला माहीत नाही. बाईंनी ॲप्रन बांधला, पुठ्ठा काढला आणि माझ्या गाळ्यावर आणून दिला. "मागची बाजू कोरी आहे. तुला भाव लिहायला होईल."

यंदाही त्या आल्या. साचा तोच आहे. पण चेहरे त्यांनी कोरलेले नाहीत. साचा जेवढं देतो तेवढंच ठेवलंय, आणि साचा आता जवळजवळ काहीच देत नाही. कपाळाखाली गुळगुळीत माती, नाकाच्या जागी उंचवट्याची नुसती शंका. लोक घेतात. म्हणतात, किती शांत आहे.

काल एका मुलीने विचारलं, "हिला तोंड का नाही?"

"आहे," बाई म्हणाल्या. "मागे वळून बघतेय, म्हणून तुला दिसत नाही."

मुलीला पटलं. मी मात्र संध्याकाळी गाळ्याची फळी लावताना त्या धोबिणींच्या रांगेकडे पाठ करत नाही. आणि यंदा ओंडक्यांना नाकं काढतोय. वाकडी येतात. बाईंनी बोटाने एक चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून ठरलेलं दिसत नाही."